न दुखणारी जखम
(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. आजवर ह्या सभेत मी मागच्या सतरंजीवर बसून ऐकण्याचे आणि शेवटी चहाचे कप विसळण्याचे काम केले. पण गेल्या महिन्यात चिटणीसबाई आमच्या घरी आल्या होत्या. त्यांनी आत्याबाईंचा पाय पाहिला नि म्हणाल्या, "हे तुम्ही सगळ्याजणींना सांगितलेच पाहिजे." मी पुष्कळ नाही म्हटले. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांसारखे नका बोलू. तुमच्या घरी जे घडले तेवढेच सांगा." म्हणून धीर करून उभी राहिले आहे. काही चुकले तर पदरात घ्यावे.

आज तिळगूळ वाटण्याचा दिवस, आणि मी बोलणार आहे साखरेच्या विकारावर. तुम्हांला हे विपरीत वाटेल. पण आमच्या घरचे संकट आले ते संक्रांतीच्या तोंडावरच, म्हणून आजचाच दिवस मला बरा वाटला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या पुढे खुर्चीवर बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच मी हे सांगते आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पौषाचे दिवस होते. आपल्या वाईची थंडी मी तुम्हांला काय सांगावी! आत्याबाई तेव्हा ६७ वर्षांच्या होत्या. साखरेचा विकार जडून १४ वर्षे झाली होती. गोळी कधी घेतली, कधी राहिली, असे चाले. पायाला मुंग्या येतात, तळव्याखाली कापूस अंथरल्यासारखे वाटते, असे त्या वर्षभर म्हणत होत्या. आम्ही म्हणायचो, वय झाले, वाताचे असेल.

त्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "पोरी, पाय अगदी बर्फ झालेत गं. जरा शेकायला पाणी दे." माझी मुलांच्या डब्यांची घाई, तव्यावर भाकरी. मी बंबातले पाणी घमेल्यात काढले, मिठाचे चार खडे टाकले आणि त्यांच्यापुढे ठेवले. विचारले, "आत्याबाई, कढत नाही ना?" त्या म्हणाल्या, "छे गं, कोमटसुद्धा नाही. आणखी घाल." मी आणखी एक तांब्या ओतला. घमेल्यातून वाफ निघत होती. ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. पण त्या कोमट म्हणताहेत, तेव्हा कोमटच असेल, असे मला वाटले. मी स्वतःचा हात काही पाण्यात घातला नाही. भगिनींनो, तो हात मी त्या दिवशी पाण्यात घातला असता तर आज आत्याबाईंच्या त्या पायाला पाचही बोटे असती.

दुसऱ्या दिवशी उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढा फोड आला होता. जोडव्याच्या बोटालाही एक बारीक फोड होता. मी घाबरले. त्या म्हणाल्या, "काही दुखत नाही. उगाच गवगवा नको." आपल्या भागात हळद पिकते, घरात तिची कमतरता नाही. मी तुपात हळद कालवून लावली, वर चिंधी बांधली. त्या नेहमीसारख्या चालत होत्या. चतुर्थीला ढोल्या गणपतीला अनवाणी जाऊन आल्या. दुखत नाही, म्हणजे भरत आली असणार, असे आम्ही दोघींनी धरून चाललो.

दहाव्या दिवशी मी फरशी पुसत होते. स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत ओलसर, पिवळट डाग दिसले. पाणी सांडले असेल म्हणून पुसू लागले तर घाण वास आला. चिंधी सोडली आणि मला भोवळ यायची बाकी राहिली. बोट काळे पडले होते, पाय घोट्यापर्यंत लाल नि गरम झाला होता. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. शेजारच्या वहिनींकडे साखर बघण्याचे यंत्र होते, त्यावर ३८० आकडा आला. रात्रीच गाडी करून ह्यांनी आम्हांला साताऱ्यास नेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी एक गंमतच केली असे मला वाटले. त्यांनी नायलॉनचा एक जाड धागा घेतला, आत्याबाईंना डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाल्या, "आजी, मी पायाला लावला की 'हं' म्हणा." दहा ठिकाणी त्यांनी तो धागा टेकवला, तो वाकेपर्यंत. त्या धाग्याचा भार १० ग्रॅम असतो म्हणे. आत्याबाईंनी तीनदाच 'हं' म्हटले. बाकीच्या वेळी त्या डोळे मिटून वाट बघत होत्या, आणि धागा तर पायाला टेकलेला मला दिसत होता. मला तिथेच रडू आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, दुखत नाही म्हणून बरे आहे असे तुम्ही समजलात. दुखत नाही, हाच तर आजार आहे."

एक्स-रे काढला. विष हाडापर्यंत गेले होते. बोट काढावे लागणार होते. जोडवे सुजेत रुतलेले, ते कापून काढले. आत्याबाई बोटासाठी रडल्या नाहीत, जोडव्यासाठी रडल्या. लग्नापासून ते पायातून निघाले नव्हते. रात्री माझा हात धरून म्हणाल्या, "उद्या पाय तोडायचा म्हणाले तर मला घरी नेऊ नकोस." मी काय उत्तर देणार? पाणी मीच दिले होते.

आम्ही तिथे ११ दिवस होतो. त्या दिवसांत डॉक्टरीणबाईंनी मला जे समजावले, ते मी माझ्या भाषेत सांगते.

रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की तीन गोष्टी बिघडतात. पहिली, पायाच्या नसा बधिर होतात. खडा रुतला, चटका बसला, चप्पल चावली, तरी डोक्यापर्यंत निरोप जात नाही. दुसरी, रक्तवाहिन्या आतून अरुंद होतात. जखम भरायला लागणारे रक्त आणि प्राणवायू पोचत नाहीत. तिसरी, जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. त्यात जखमेत जंतू वाढले की साखर आणखी चढते, आणि साखर चढली की जंतूंचे फावते. म्हणून गोळ्या थांबवून आत्याबाईंना इन्शुलिन सुरू केले. त्या घाबरल्या. आपल्याकडे समजूतच आहे की इन्शुलिनची सुई आली म्हणजे शेवट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "१९२१ साली कॅनडात डॉ. बँटिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी हे इन्शुलिन शोधले. त्याआधी माणसे खरोखर मरत. आता ह्याने जगतात. १४ नोव्हेंबर हा बँटिंग ह्यांचा जन्मदिवस, तोच सगळ्या जगात मधुमेह दिन म्हणून पाळतात." आत्याबाईंनी मग दंड पुढे केला.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभी राहिले, ती सांगते. घरी आल्यावर मी साखरेच्या मागे हात धुऊन लागले. सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर बघायची, वहीत आकडा लिहायचा. तीन आठवड्यांत उपाशीपोटीची साखर १३० च्या आत नि जेवणानंतरची १८० च्या आत येऊ लागली. मला वाटले, जिंकले. पण तळव्याची जखम भरेना. पट्टी रोज ओली. मी डॉक्टरीणबाईंकडे वही घेऊन गेले नि जवळजवळ भांडलेच, "साखर आटोक्यात आणली, आता आणखी काय करू?"

त्या म्हणाल्या, "बाजेला किती खूर असतात?" मी म्हटले, चार. "तशीच जखम भरायला चार खूर लागतात. साखर आटोक्यात हवी, हा एक. रक्त पोचायला हवे, हा दुसरा. जखम जंतूंपासून स्वच्छ हवी, मेलेले मांस वरचेवर काढायला हवे, हा तिसरा. आणि जखमेवर भार पडता कामा नये, हा चौथा. साखर आवरल्याने नवी जखम टळते, जंतूंचा जोर कमी होतो. पण रोज त्याच जखमेवर पाऊल पडत असेल तर नुसत्या आकड्याने ती भरायची नाही. आजी चालतात का?"

मी ठामपणे सांगितले, त्या दिलेली खास चप्पल घातल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. पण घरी आल्यावर मनात शंका आली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागी राहिले. साडेपाचला आत्याबाई उठल्या, चप्पल पलंगाखाली सारली, आणि अनवाणी देवघराकडे गेल्या. पूजा, मग तुळशीला पाणी, मग स्वयंपाकघरात चहाचे आधण. सगळे अनवाणी. देवघरात नि चुलीपाशी चप्पल घालून कसे जायचे? पन्नास वर्षांची सवय. आणि दुखत तर नव्हतेच.

मी त्या दिवशी त्यांना बोलू नये ते बोलले. म्हटले, "तुमच्या पायासाठी मी रात्रंदिवस मरते नि तुम्ही चोरून चालता!" त्या शांतपणे म्हणाल्या, "देवापुढे चप्पल घालून उभी राहू? त्यापेक्षा पाय जाऊ दे." दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. ह्यांनी मध्यस्थी केली.

जंतुदोष पुरता गेला होता आणि पायाचे रक्त बरे वाहत होते. घोट्याचा नि दंडाचा रक्तदाब ताडून ते बघतात. म्हणून डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातले. ह्या प्लास्टरने तळव्यावरचा भार सगळ्या पोटरीवर वाटला जातो. ते काढता येत नाही, आणि तोच त्याचा गुण. दर आठवड्याला जाऊन ते बदलायचे, जखम बघायची. पहिल्या बदलालाच जखमेचा कडा आत सरकलेला दिसला. ज्या जखमेने आठ आठवडे आम्हांला रडवले, ती पुढच्या सात आठवड्यांत मिटली. साखर तीच, औषध तेच. फक्त पायाला विसावा मिळाला.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हा एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात राहिली आहे. आजच्या तमिळनाडूत वेल्लोर म्हणून गाव आहे. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड आले. ते कुष्ठरोग्यांवर उपचार करीत. त्या रोगात बोटे आपोआप झडतात अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड ह्यांनी दाखवून दिले, की हातापायांची बरीचशी हानी बधिरपणामुळे होते. दुखत नाही म्हणून माणूस भाजलेल्या, चिरलेल्या पायावर चालत राहतो. पुढे अमेरिकेत त्यांनी हेच ज्ञान मधुमेहाच्या पायांसाठी कामी आणले. आज आत्याबाईंच्या पायात जी मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची चप्पल आहे, तिला एम.सी.आर. चप्पल म्हणतात. तीही आधी कुष्ठरोग्यांसाठीच वापरात आली. वेदना ही देवाची देणगी आहे, हे मला ह्या गोष्टीने पटले. आपण मात्र ती नसली की आनंद मानतो!

प्लास्टर निघाले तेव्हा देवघराचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, की भरलेली जखम दहांपैकी चारजणांना वर्षाच्या आतच पुन्हा होते. ह्या वेळी मात्र आत्याबाईंनीच तोड काढली. त्या म्हणाल्या, "मला दुसरा नवा जोड आण. तो उंबऱ्याबाहेर कधी न्यायचा नाही. ज्या चपलेला बाहेरची धूळ लागली नाही, तिचा देवाला कसला विटाळ?" ह्यांनी देव्हारा कमरेइतक्या उंचीच्या फळीवर बसवला. आता आत्याबाई खुर्चीवर बसून पूजा करतात. देवळात जाताना जाड मोजे घालतात, दुपारच्या तापल्या फरशीवर जात नाहीत, आणि आल्याबरोबर पाय तपासतात. ज्यांना सोवळ्याची अडचण वाटत असेल, त्यांनी आत्याबाईंना जरूर विचारावे.

जेवणाचे थोडक्यात सांगते. साखर वाईट पण गूळ चालतो, मध चालतो, असे आपण म्हणतो. रक्ताला ते सारखेच. भाकरी चांगली, पण तीन भाकरींनी साखर चढतेच. आम्ही भाकऱ्या कमी करून उसळ, डाळ, ताक आणि पालेभाजी वाढवली, कारण जखम भरायला प्रथिने लागतात. अंडे खाणाऱ्यांनी अंडे खावे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी बंद केली. उलट बाजूही सांगते: औषध घेऊन उपास केला तर साखर एकदम उतरते. घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या वेळी पाण्यातून तीन चमचे साखर लगेच द्यावी, आणि साखर परत मोजावी. आत्याबाईंनी मशेरीही सोडली. तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या आवळतात. हे सोडणे त्यांना गोडापेक्षा कठीण गेले. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी रक्ततपासणी असते, तिचा आकडा ११ च्या वर होता, तो साडेसातवर आला. त्यांच्या वयाला तेवढा पुरे, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे आकडा वेगळा असतो, तो आपल्या डॉक्टरांना विचारावा.

आता घरात कोणाला साखर असेल त्यांनी रोज काय करावे, ते सांगते. रात्री अंथरुणावर पडण्यापूर्वी दोन्ही पाय उजेडात बघावेत: तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या. पाय साध्या पाण्याने धुवावेत, भिजत ठेवू नयेत, बेचक्या कोरड्या पुसाव्यात. टाचांना खोबरेल लावावे, बेचक्यांत लावू नये. नखे सरळ कापावीत, कोपरे कोरू नयेत. कुरूप ब्लेडने कापू नये, त्यावर औषधाची चकतीही चिकटवू नये. चप्पल-बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा आहे का बघावा. घट्ट जोडवी सैल करून घ्यावीत. शेकायला गरम पाणी, गरम वीट, रबरी पिशवी, काहीही पायाला लावू नये. अंघोळीचे पाणी दुसऱ्याने कोपर बुडवून बघावे. ज्याचा पाय बधिर आहे, त्याच्या शब्दावर जाऊ नये. आणि जखम, फोड, लाली, सूज, काळेपणा, वास ह्यांतले काहीही दिसले तर हळद, चुना, टूथपेस्ट न लावता स्वच्छ कापड बांधून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हळद आज आपण एकमेकींना लावली, ती तशीच लावत राहू. बधिर पायाच्या जखमेवर मात्र तिचा भरवसा धरू नये.

एक शेवटचे. आत्याबाईंच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाई सहज मला म्हणाल्या, "तुमची साखर कधी बघितलीत?" मी हसले. ४४ वर्षांची झाले, कधीच नाही. बघितली तर उपाशीपोटी ११८ निघाली. शंभराच्या आत हवी. १२६ झाली की मधुमेह म्हणतात. म्हणजे मी उंबऱ्यावर उभी. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तीप्रमाणे आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि माझ्यासारखे उंबऱ्यावरचे त्याहूनही अधिक आहेत. आज ह्या सतरंजीवर बसलेल्यांतही काहीजणी असणार. आपण मुलांची नखे बघतो, सासऱ्यांची औषधे बघतो. स्वतःचा तळवा कितीजणींनी वर्षभरात बघितला? मी रोज संध्याकाळी घाटावर चालायला जाते. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे, सोबत होईल.

मंडळाला माझी विनंती आहे, की साखर बघण्याचे एक यंत्र घ्यावे आणि महिन्याच्या सभेला अर्धा तास आधी जमून आपण एकमेकींचे पाय बघावेत. लाज वाटायचे कारण नाही. मला लाज वाटायला हवी होती ती न बघितल्याची.

फणी-आरसा हे आपले जुने वाण. ह्या वर्षी आत्याबाईंनी आणि मी प्लॅस्टिकचे डबे न आणता हाताएवढे आरसे आणले आहेत. ज्यांना वाकून तळवा दिसत नाही, त्यांनी तो जमिनीवर ठेवून वर पाय धरावा; सगळे स्वच्छ दिसते. आत्याबाई आता तुम्हांला ते वाटतील. त्या स्वतः उठून, स्वतःच्या पायांनी तुमच्यापर्यंत येतील, एवढे बघायला मिळाले म्हणूनच मी आज उभी राहू शकले.